शेऱ्याचा रकाना

हर्सूलला राहणाऱ्या माणसाला आपला पत्ता सांगताना एक वाक्य नेहमी जास्तीचे बोलावे लागते. लग्नकार्यात कुणीतरी विचारतो, "सध्या कुठे असता?" आपण म्हणतो, "हर्सूलला." की लगेच तो गृहस्थ आवाज खाली आणून विचारतो, "किती वर्षांची झाली?" उभ्या मराठवाड्यात हर्सूल म्हटले की लोकांना मध्यवर्ती कारागृहच आठवते. गावाला तळे आहे, हरसिद्धी मातेचे देऊळ आहे, बरी माणसेही आहेत. पण गावाचे नाव काढले ते तुरुंगाने. तेव्हा "तुरुंगात नाही हो, तुरुंगाच्या पलीकडे, स्वतःच्या घरात, स्वखुशीने" हा खुलासा आम्हा हर्सूलकरांना तोंडपाठ असतो.

माणसाला असा खुलासा करता येतो. संगणकाच्या पडद्यावरच्या फॉर्मला करता येत नाही. त्याने विचारलेल्या प्रश्नाचे, त्याने आखलेल्या चौकटीत, त्याला मानवणाऱ्या अक्षरांत, त्याने दिलेल्या दहा मिनिटांत उत्तर द्यायचे, नाही तर उठून चालू लागायचे. आमच्या गावातल्या त्या उंच भिंतीआडच्या मंडळींनासुद्धा वकिलामार्फत आपली बाजू मांडता येते. फॉर्मसमोर बसलेल्या माणसाला वकील मिळत नाही. म्हणून आज ते वकीलपत्र मी घेतो आहे. फी नाही.

माझा अधिकार काय, असे कुणी विचारील. तर मी पोस्टात चौतीस वर्षे काउंटरच्या आतल्या बाजूला बसलो आहे आणि निवृत्तीनंतर गेली काही वर्षे सगळ्याच काउंटरांच्या बाहेरच्या बाजूला उभा आहे. फॉर्मच्या दोन्ही कडा पाहिलेला असा माणूस दुर्मीळ. शिवाय माझा भाचा पुण्याला हिंजवडीत असतो आणि डेटाबेसवर चालणारी वेब ॲप्लिकेशने करतो. म्हणजे काय करतो, तर पुढे फॉर्म, मध्ये डेटाबेस आणि मागे साहेबलोकांसाठी रंगीत आलेख. पुढून माणूस आत टाकायचा आणि मागून टक्केवारी बाहेर काढायची, असा तो कारखाना आहे.

"मामा, प्रॉब्लेम फॉर्मचा नसतो, युजरचा असतो," तो मला म्हणाला.

"युजर म्हणजे कोण रे?"

"म्हणजे... तुम्ही."

भांडणाला एवढे पुरे आहे.

पहिला वाद गावाचा. एका कार्यालयाच्या अर्जात मला आधी गाव निवडायला सांगितले. यादी उघडली तर हर्सूल एका जागी, हरसूल दुसऱ्या जागी, आणि ऱ्हस्व रकाराचा पोर आणखी तिसऱ्या जागी. मी शुद्धलेखनाला स्मरून एक निवडले. महिन्याने कळले की माझा अर्ज नाशिक जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हरसूलला गेला आहे. गाव खरे आहे, चांगले आहे, पण मी तिथला नाही. आता एवढी साधी गोष्ट या हिंजवडीकरांना कुणी सांगावी, की बाबा रे, आधी जिल्हा विचार, मग त्या जिल्ह्यातलेच तालुके दाखव, मग त्या तालुक्यातलीच गावे? आमच्या सॉर्टिंगमध्ये नव्या पोऱ्याला पहिल्या दिवशी हेच शिकवत असत. मोठ्या थैलीतून लहान थैलीत. उलटे केले की टपाल गावभर नव्हे, राज्यभर हिंडते.

सारख्या नावांची ही कटकट पोस्टाला फार जुनी. आमचे शहर औरंगाबाद होते तेव्हा बिहारमध्ये दुसरे औरंगाबाद होतेच, अजूनही आहे. इकडचे राखीचे पाकीट तिकडे आणि तिकडचा नोकरीचा कॉल इकडे. यावर उपाय काढला तो श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्या मराठी माणसाने. पोस्टखात्यातले मोठे अधिकारी, आणि संस्कृतात नाटके लिहिणारे कवी. १५ ऑगस्ट १९७२ रोजी त्यांचा पिनकोड सुरू झाला. सहा आकडे: पहिला विभागाचा, पहिले तीन मिळून वर्गीकरणाच्या जिल्ह्याचे, शेवटचे तीन पोस्ट ऑफिसचे. आमचा ४३१ ने सुरू होतो, बिहारच्या औरंगाबादचा ८२४ ने. नाव वाचायचीच गरज नाही. संस्कृत कवीला जे कळले, की ओळख आकड्यावर ठेवावी आणि नाव शोभेला असावे, ते डेटाबेसचे शिक्षण घेतलेल्या मुलांच्या फॉर्ममध्ये दिसत नाही. आश्चर्य आहे.

कारण नावे बदलतात. आमच्या शहराचे घ्या. खडकी, मग फतेहनगर, मग औरंगाबाद, आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. चारशे वर्षांत चार नावे. गाडीची पाटी मात्र एमएच-२० होती ती एमएच-२० च राहिली, कारण आरटीओच्या लोकांनी गाडीवर गावाचा क्रमांक घातला होता, नाव घातले नव्हते. डेटाबेसमध्ये हीच युक्ती आहे. शहराचे नाव एकाच तक्त्यात, एकाच ओळीत लिहावे. बाकी लाखो अर्जांत त्याचा फक्त क्रमांक ठेवावा. नाव बदलले की एक ओळ बदलली, झाले काम. जुन्या दाखल्यावर जुने नाव दिसायला हवे असेल तर त्या ओळीत कधीपासून कधीपर्यंत ही तारीखही ठेवावी. भाचा म्हणतो, "मामा, याला नॉर्मलायझेशन म्हणतात." म्हणोत बिचारे. जिथे हे केलेले नसते तिथे काय होते, ते मी एका आलेखात डोळ्यांनी पाहिले आहे. २०२३ मध्ये औरंगाबाद नावाच्या शहरातली रेघ दाणकन शून्यावर आली, जणू गाव प्रलयात बुडाले. आणि त्याच जागी छत्रपती संभाजीनगर नावाचे शहर समुद्रातून वर आले. सादर करणाऱ्या गृहस्थांनी "इथे ग्रोथ चांगली दिसते" असेही सांगितले.

रकान्याच्या लांबीची तर गंमतच आहे. पत्त्यात शहरासाठी इंग्रजी वीस अक्षरांची जागा ठेवलेली. आमच्या शहराचे नाव इंग्रजीत, मधली मोकळी जागा धरून, पंचवीस अक्षरांचे. वीस अक्षरे बरोबर 'संभाजी'च्या शेवटी संपतात आणि 'नगर' दाराबाहेर राहते. म्हणजे छापील पत्रावर मी कुठल्याही नगरात राहत नव्हतो. आता कुणी म्हणेल, मग देवनागरीत लिहा. लिहितो की! पण देवनागरीत आपल्याला डोळ्यांनी दिसणारी अक्षरे दहा. यंत्र त्यांच्या काना-मात्रा-हलन्त सुटे करून सतरा खुणा मोजते. आणि साठवताना नेहमीच्या पद्धतीत त्याचे एकूणपन्नास बाइट होतात. ज्याने तीस बाइटांचा रकाना आखला, त्याने इंग्रजी 'पुणे' डोळ्यासमोर ठेवून आखला, हे उघड आहे. जागा काही सोन्याच्या भावाने मिळत नाही. दोनशे अक्षरांचा रकाना ठेवला म्हणून सर्व्हर पोट धरून बसत नाही.

गावाचे झाले, आता माणसाच्या नावाचे. वसईच्या डिसोझा, डिमेलो मंडळींना विचारा. त्यांच्या नावात इंग्रजीत 'डी'नंतर एक वरचा स्वल्पविराम असतो. तो टाइप केला की फॉर्म लाल होतो: 'नावात अवैध चिन्ह'. बाप्तिस्म्याच्या नोंदीपासून चालत आलेले नाव अवैध! याचे कारण मी भाच्याकडून खोदून काढले. म्हणे, डेटाबेसला जो हुकूम दिला जातो त्यात मजकूर कुठे संपला हे त्याच चिन्हाने कळते. नावातच ते आले की यंत्राला वाटते मजकूर संपला, आणि पुढचे 'सोझा' तो हुकूम म्हणून पाळायला जातो. एखादा वस्ताद चोर मग नावाच्या जागी खरोखरच हुकूम लिहितो आणि यंत्र आपल्या हाताने तिजोरी उघडून देते. म्हणून आळशी मंडळी ते चिन्हच बंद करतात.

मी म्हटले, "अरे, पाकिटाच्या आत काय लिहिले आहे ते पोस्टमन हुकूम म्हणून वाचतो का? पत्ता बाहेर, मजकूर आत."

तो जरा गप्प झाला आणि म्हणाला, "मामा, खरा उपाय तोच आहे. हुकूम वेगळा पाठवायचा आणि किमती वेगळ्या. मग नावात काहीही असलं तरी बिघडत नाही."

"मग करत का नाही?"

"आम्ही करतो. काही लोक नाही करत." हे 'काही लोक' प्रत्येक धंद्यात असतात, आणि आपला अर्ज नेमका त्यांच्याकडे असतो.

शिवाय नाव तीनच खोल्यांत राहते, ही या लोकांची पक्की समजूत. स्वतःचे, वडिलांचे किंवा नवऱ्याचे, आडनाव. राज्य सरकारने २०२४ साली ठरवले की ठराविक तारखेनंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारी कागदपत्रांवर आईचेही नाव लागेल: मूल, आई, वडील, आडनाव. फार उत्तम निर्णय. पण तीन खोल्यांच्या घरात आता आईला जागा कुठे द्यायची? कुणी तिला बाळाच्या खोलीत कोंबले, कुणी वडिलांच्या. पूर्ण नावाचा एकच ऐसपैस रकाना ठेवला असता आणि दाखल्यावर हवे तसे छापायला वेगळी सोय केली असती, तर हा भाडेकरूंचा प्रश्न उभाच राहिला नसता.

आता लाल चांदणीकडे येतो. रकान्याच्या डोक्यावर ही बारीकशी लाल चांदणी असते. तिचा अर्थ, हा रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आकाशातल्या चांदण्या माणसाला वाट दाखवतात, ही वाट अडवते.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी एका योजनेचा अर्ज भरायला घेतला. सोबत मी गेलो, कारण केंद्रावरच्या पोराची घाई मावशींना झेपत नाही. नाव झाले, वय झाले, बँक झाली. मग आला रकाना: पतीचा मोबाइल क्रमांक. डोक्यावर लाल चांदणी. वरती दोन रकाने मागेच 'विधवा' असे निवडून झाले होते, पण त्या रकान्याची या रकान्याशी ओळख नव्हती.

मावशी म्हणाल्या, "काका, त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. कोणता नंबर सांगू?"

पोराला यातले नवे काही नव्हते. त्याने न बघता दहा वेळा नऊ दाबला. यंत्राने क्षणभर विचार केला आणि उत्तर दिले: 'हा क्रमांक आधीच नोंदवलेला आहे.'

मावशी माझ्याकडे बघायला लागल्या. मी त्यांना काय सांगणार? की मावशी, तुमच्या आधी कितीतरी बायकांचे नवरे याच नंबरवर गेलेत? पोराने मग शेवटचा आकडा आठ केला. तो गेला. आणि ओटीपी पाठवला गेला. कुणाला, ते त्या क्रमांकाच्या मालकाला माहीत. मावशींचा त्या दिवसाचा रोज बुडाला. असे आत्तापर्यंत चार बुडाले.

हे मी रंगवून सांगत नाही आणि हे एका कार्यालयाचे दुखणेही नाही. २०२५ साली मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत ई-केवायसी सुरू झाली तेव्हा बहिणीच्या आधारसोबत पतीचे किंवा वडिलांचे आधार मागितले गेले. ज्यांचे दोघेही हयात नाहीत त्यांनी काय करायचे, हा प्रश्न महाराष्ट्रभर उठला आणि त्यांच्यासाठी मागाहून वेगळी सोय करावी लागली. सोय झाली हे चांगलेच झाले. पण महाराष्ट्रात विधवा बायका आहेत, एवढी माहिती फॉर्म आखण्याआधी कुठल्याही गल्लीत फुकट मिळाली असती.

भाच्याची बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर वकिली एकतर्फी होईल. तो म्हणतो, "मामा, चांदणी काढली तर लोक काहीच भरणार नाहीत. डेटा स्वच्छ यायला हवा." अरे, पण सक्तीने डेटा स्वच्छ होतो की खोटा? आपल्या पिढीचे वाढदिवस पाहा. शाळेत नाव घालताना मास्तर विचारत, जन्मतारीख? आई सांगे, मोठ्या पुरानंतरच्या अमावास्येला. मास्तरांच्या रजिस्टरात 'अमावास्या' चालत नसे. ते मुलाच्या उंचीकडे बघून साल धरत आणि पुढे १ जून लिहून मोकळे होत. शाळा जूनमध्ये सुरू, मूल सहा वर्षांचे पूर्ण, हिशेब बरोबर. त्यामुळे महाराष्ट्रातल्या म्हाताऱ्यांचा डेटाबेस काढला तर असे दिसेल की त्या काळच्या बायका १ जूनला सामुदायिक बाळंतपणे उरकत असत. सक्तीच्या रकान्याने दिलेला हा स्वच्छ डेटा! आणि त्यावर कडी म्हणजे अमेरिकी पद्धतीने महिना आधी धरणाऱ्या फॉर्ममध्ये तोच १ जून ६ जानेवारी होतो. माझे शेजारी निवृत्त मास्तर असे एका कागदावर पाच महिन्यांनी थोरले झाले आहेत. तारीख विचारताना महिना आकड्यात न विचारता 'जून' असा अक्षरात निवडायला द्या, एवढ्याने हे टळते. पण सांगतो कोण!

रिकाम्या रकान्याला ही मंडळी इतकी का घाबरतात कळत नाही. ज्यांनी हे तक्त्यांचे शास्त्र उभे केले ते आयबीएममधले एडगर कॉड, १९७० साली ज्यांचा मूळ प्रबंध आला, त्यांनीही पुढे 'माहिती नाही' यासाठी वेगळी खूण हवी असा आग्रह धरला होता. रिकामी जागा, शून्य आणि 'नाही' या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. मावशींच्या नवऱ्याचा मोबाइल 'नाही'. माझ्या आजोबांची जन्मतारीख 'माहीत नाही'. आणि माझ्या खात्यात एकोणतीस तारखेला असते ते शून्य. तिघांना एकाच पंगतीत बसवले की पुढे आलेखात गोंधळ झालाच म्हणून समजा. सरासरी काढताना रिकामे रकाने शून्य धरले गेले तर अख्ख्या तालुक्याचे उत्पन्न एका रात्रीत घटते.

बाकीच्या छळाचा नुसता उल्लेख करतो, कारण तो तुम्हीही सोसलेला आहे. फोटो २० केबीपेक्षा मोठा आणि ५० केबीपेक्षा लहान हवा. यंत्राला तो स्वतः लहान करता येतो, तरी ते काम आपल्याकडे. 'मी यंत्रमानव नाही' हे सिद्ध करण्यासाठी अमेरिकेतल्या रस्त्यावरचे आग विझवायचे नळ ओळखायचे. आमच्या शहरात घरातल्या नळाला पाणी दिवसाआड येईल तर पेढे वाटू, रस्त्यातला नळ कुणी पाहिला आहे? दहा मिनिटांत फॉर्म मिटतो, आणि ओटीपी जातो वाळूजच्या कारखान्यात शिफ्टला गेलेल्या मुलाच्या फोनवर, जो गेटवर जमा केलेला असतो. अर्धा भरलेला अर्ज जपून ठेवायची सोय का नसावी? तिसऱ्या पानावर चूक निघाली की पहिल्या पानापासून पुन्हा का? चूक सांगायची तर कुठल्या रकान्यात, काय आणि कसे हवे, ते सांगावे. 'अवैध इनपुट' हा काय निरोप झाला? आमच्याकडे पत्र परत जायचे तेव्हासुद्धा पाकिटावर कारण लिहून जायचे: घर बंद, पत्ता अपुरा, घेण्यास नकार. आणि बटण दोनदा दाबले म्हणून फी दोनदा कापायची, ही कुठली रीत? प्रत्येक अर्जाला सुरुवातीलाच क्रमांक द्या. तोच क्रमांक पुन्हा आला तर जुनीच पावती पुन्हा दाखवा. काउंटरवर एकच पार्सल घेऊन दोनदा आलेल्या माणसाकडून आम्ही दोनदा तिकिटाचे पैसे घेत नव्हतो.

आता मागचा दरवाजा, म्हणजे आलेख. साहेबांच्या खोलीत भिंतीवर मोठा पडदा असतो आणि त्यावर पुरणपोळीचे तुकडे केल्यासारखे वर्तुळ फिरत असते. ही वर्तुळाची कल्पना विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश माणसाची, १८०१ सालची. स्तंभ आणि रेघांचे आलेख त्यानेच त्याआधी १७८६ मध्ये छापले होते. त्याचा उद्देश असा की आकड्यांच्या जंगलात न शिरता माणसाला एका नजरेत खरे दिसावे. आज महाराष्ट्राच्या छत्तीस जिल्ह्यांचे छत्तीस तुकडे करून, पोळी तिरपी करून, तिला जाडी देऊन दाखवतात. पुढच्या बाजूचा तुकडा मोठा दिसतो, मागचा लहान. कुठला जिल्हा पुढे बसवायचा ते आलेख काढणाऱ्याच्या हाती. चार-पाच तुकड्यांच्या पुढे वर्तुळ काढूच नये. सरळ पट्ट्या काढाव्यात, मोठ्यापासून लहानापर्यंत, आणि पट्टीच्या टोकाला आकडा लिहावा. म्हाताऱ्यांनाही वाचता येते आणि ज्यांना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही त्यांनाही.

पट्ट्यांतही चलाखी चालते. ९२ चे ९५ टक्के झाले, हे दाखवताना पट्टी ९० पासून सुरू करतात. मग दोनाच्या शेजारी पाच उभे राहतात आणि प्रगती अडीचपट दिसते. म्हणून पट्टी शून्यापासूनच निघाली पाहिजे. पण नियम पाठ करून भागत नाही, डोके लागते. आमच्या जायकवाडीचेच पाहा. धरण पूर्ण भरते तेव्हा पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून १५२२ फूट. आता या पातळीची पट्टी शून्यापासून काढा. १५२२ फूट आणि १५०० फूट यांच्या पट्ट्या जवळजवळ सारख्याच उंच! म्हणजे आलेखात धरण बारमाही तुडुंब, आणि इकडे आमच्या गल्लीत हंड्यांची रांग. इथे समुद्र कामाचा नाही. तळापासून किती पाणी आहे ते दाखवले पाहिजे. तेही पुरत नाही. एकूण साठा १०२ टीएमसीच्या थोडा वर, त्यातला सुमारे २६ टीएमसी मृतसाठा, उपयुक्त तो ७६ च्या वर. वर्तमानपत्रात 'शून्य टक्के' छापून येते तेव्हा धरणात २६ टीएमसी पाणी असते, आणि आमचे शहर तेच पिते. २०१९ च्या उन्हाळ्यात तर साठा शून्याच्याही खाली, मृतसाठ्यात गेला होता. आता उणे टक्के पुरणपोळीत दाखवा बरे! म्हणून आलेखाखाली दोन ओळी हव्यातच: शंभर म्हणजे कशाचे शंभर, आणि हा आकडा कोणत्या तारखेचा. या दोन ओळी सोडून बाकी सगळे त्या पडद्यावर असते. कंपनीचे चिन्हसुद्धा.

अशाच एका पडद्यावर मला मावशी भेटल्या. म्हणजे नावाने नव्हे. हिरव्या रंगात मंजूर अर्ज, लाल रंगात नामंजूर, आणि पिवळ्या रंगात 'अर्जदाराच्या स्तरावर प्रलंबित'. मावशींचा अर्ज पिवळ्यात आहे, हे मी क्रमांक टाकून पाहिले. अर्जदाराच्या स्तरावर! नऊ वर्षांपूर्वी गेलेल्या नवऱ्याच्या मोबाइलवरचा ओटीपी मावशींनी अजून दिलेला नाही, म्हणून उशीर त्यांच्याकडून होतो आहे. सायंकाळच्या बैठकीत साहेब पिवळ्या भागाकडे बोट दाखवून म्हणत असतील, "लोकांत जागृती कमी आहे."

कागदाच्या फॉर्मला एक गोष्ट होती, जी याला नाही. समास. कागदाच्या डाव्या बाजूला दोन बोटे कोरी जागा असे. फॉर्ममध्ये न बसणारी बाई आली की आमचे हेडक्लार्क चष्मा वर करून तिचे ऐकून घेत आणि समासात बारीक अक्षरांत लिहीत, 'पती मयत, दाखला पाहिला', आणि खाली सही. संपले. सातबाराच्या उताऱ्यात पाहा, इतके आखीव कोष्टक, तरी सात नंबरात 'इतर हक्क' आहे आणि बारा नंबरात शेवटी 'शेरा' आहे. ज्याने तो नमुना आखला त्याला माहीत होते की शेतजमीन, भाऊबंद आणि विहीर यांची भांडणे काही आखलेल्या रकान्यांत मावत नाहीत. आमच्या मनीऑर्डरच्या फॉर्मलाही खाली निरोपाची चतकोर जागा असे. पैसे पाठवणारा रक्कम वर लिही आणि खाली लिही, 'आईचे डोळ्याचे औषध आधी आणणे.' मी असे हजारो निरोप लिहून दिले आहेत. रक्कम पोचली की नाही याची नोंद खात्याकडे होती. ती कशासाठी होती ते त्या चतकोर जागेत होते.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. प्रत्येक फॉर्मच्या शेवटी शेऱ्याचा रकाना ठेवा. मोठा. लाल चांदणीशिवाय. आणि प्रत्येक चांदणीच्या रकान्याखाली 'लागू नाही' आणि 'माहीत नाही' ही दोन दारे उघडी ठेवा.

"मामा, पण शेरा वाचणार कोण?" भाचा म्हणाला. "मोकळ्या मजकुराचा आलेख नाही काढता येत."

"माणूस ठेव वाचायला."

"बजेट नसतं."

"फिरत्या पोळीला असतं?" मी म्हटले. "आणि ऐक. दोनशे बायकांनी शेऱ्यात 'नवरा वारला' असे लिहिले, की तुला कळेल तुझा कुठला रकाना चुकला आहे. मग त्यासाठी नवा पर्याय कर. शेरा रिकामा होत जाईल. तुझे कामच तो रकाना करून देतोय, फुकटात."

हे त्याला पटले, असे त्याच्या गप्प बसण्यावरून वाटले. मग मी मुद्द्याला हात घातला. म्हटले, "तू एक दिवस हर्सूलला ये. केंद्रावर त्या पोराच्या शेजारी स्टूल टाकून बस. स्वतः केलेला फॉर्म, मोबाइलवर, वीज जाता-येता, दुसऱ्याच्या अंगठ्याने भरून घे. मावशींना मी घेऊन येतो."

तो तयार झाला. पोरगा मनाने चांगला आहे. फक्त रजा टाकायची होती. त्यांच्या कंपनीत रजेचा अर्जही पडद्यावरच आहे आणि त्यात कारणांची यादी आहे: आजारपण, लग्न, परीक्षा, नातेवाइकाचे निधन. 'इतर' नाही. शेरा नाही. कारणाच्या डोक्यावर लाल चांदणी. बराच वेळ तो यादी वर-खाली करत बसला आणि शेवटी त्याने 'नातेवाइकाचे निधन' निवडले. नाते विचारले तिथे 'मामा' लिहिले. रजा दोन मिनिटांत मंजूर झाली, हिरव्या रंगात. शुक्रवारी येतो आहे. मी सुखरूप आहे हे शेजारच्या मास्तरांना आत्ताच सांगून ठेवले आहे.